रोजेवालीची साक्ष

मोहनरावांच्या फडाला आग लागली ती भर दुपारी, टोळी भाकरी खायला बसली होती तेव्हा.

टोळीत आठ कोयते होते. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि मुकादमाच्या लेखी दोघांना मिळून एकच नाव असतं, नवऱ्याचं. सगळी माणसं चौसाळ्याच्या आसपासची. दिवाळी झाली की टायरच्या गाड्यांना बैल जुंपून गेवराईच्या अंगाला गोदाकाठच्या उसात उतरायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परतायचं, हा दरसालचा नेम.

आधी नुसता धूर दिसला. मग बांधावरच्या कडब्याच्या गंजीनं एकदम जीभ बाहेर काढली, आणि कुणी उठून पळेपर्यंत खालचं पाचट पेटलं. भागवत ओलं पोतं घेऊन सगळ्यांत पुढं होता. त्याच्या भुवया जळाल्या. सुनिता, त्याची बायको, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, झोडप्यानं पाचट बडवत होती आणि मनातल्या मनात मोजत होती की कोण खरोखर आग विझवतंय आणि कोण नुसतं ओरडतंय. अर्ध्या तासात आग विझली. ऊस वाचला. गंजीची मात्र राख झाली.

मोहनराव मोटारसायकलवरून आले. राखेभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बिडी कोन वढतं रे तुमच्यात?"

टोळीत बिडी ओढणारे पाच जण होते. पण सदऱ्याचा खिसा फाटून त्यातून बंडल बाहेर दिसत होतं ते एकट्या भागवतचं. तेवढ्यावर निकाल लागला. मोहनरावांनी आपल्या सालगड्याला, सिदूला, हाक मारली आणि भागवतच्या गाडीचे बैल सोडून गोठ्यात नेऊन बांधायला सांगितलं.

"मालक, मी सकाळधरनं तिकडं गाडी भरीत व्हतो, तिथनंच भाकरीला बसलो," भागवत म्हणाला. "इकडं आलोच न्हाई."

"मग गंजी काय आपोआप पेटली?"

मुकादम अभिमन्यू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. त्याला पुढच्या साली हाच फड तोडायचा होता. भागवतचा काय, कोयता आज हा, उद्या दुसरा. तो हळूच भागवतला म्हणाला, "बैल सुटले न्हाईत तर मला दुसरी जोडी बलवावी लागंल गड्या. गाडीबिगर कोयता काय कामाचा?"

पाखऱ्या आणि हौश्या, दोन्ही बैल सुनितानं वासरं असल्यापासून वाढवले होते. पाखऱ्याला लहानपणी हगवण लागली तेव्हा तिनं त्याला मांडीवर घेऊन ताक पाजलं होतं. सिदूनं दावं धरलं तसा पाखऱ्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. बोलण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

बोलली ती जैतून.

जैतून आणि दस्तगीर हा टोळीतला आठवा कोयता. रमजान चालू होऊन नऊ दिवस झाले होते आणि दोघंही रोजे धरून ऊस तोडत होते. दुपारी टोळी भाकरी सोडायला बसली की जैतून उठून लांब जायची. खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायला नको, आणि खाणाऱ्यालाही घास अवघड व्हायला नको. त्या दिवशी ती गंजीजवळच्या बाभळीखाली जाऊन बसली होती.

"मी बघितलं मालक," ती म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता, तो सोडला. "वर तारंवर तुमचा आकडा व्हता पान्याच्या मोटारीचा. वारं सुटलं, आकडा हालला, अन् ठिनग्या गंजीवर पडल्या. बिडी न्हाई का काडी न्हाई."

सगळ्यांनी वर पाहिलं. तारेवर आकडा नव्हता. खाली सिदूनं गोठ्याच्या भिंतीला लांब बांबू, आकडा चढवायला-उतरवायला लागतो तसला, टेकवून ठेवलेला होता. आग विझवायला बांबूचा काय उपयोग, हे सगळ्यांच्या मनात आलं आणि कुणाच्याच तोंडात आलं नाही. चोरून वीज घेतलेली उघड झाली तर मोहनरावांची अडचण केवढी, हे लहान पोरालाही कळत होतं.

मोहनरावांचा आवाज चढला. "ही कोन सांगनार? हिचं ऐकायचं?"

मुकादमाला काय वाटलं कुणास ठाऊक. तो मातीकडं बघतच म्हणाला, "मालक, बाई रोजेवाली हाय. रोज्यात खोटं बोलत न्हाईत ती लोकं. एवढं मातर खरं."

आता देवाधर्माचं नाव निघाल्यावर मोहनरावांना एकदम नाही म्हणता येईना. ते म्हणाले, "बरं. उद्या चकलांब्याहून सुंदरआण्णा येतेत. त्यांच्यापुढं सांगू दे हिला. तवर बैल हितंच."

सुंदरराव म्हणजे पंचवीस वर्षं गावचं राजकारण खाल्लेला माणूस. मोहनरावांचा नातलग, पण उघड खोट्यावर सही करणारा नव्हे, असं लोक म्हणायचे. भागवतचे बैल आता एका बाईच्या शब्दावर उभे होते, आणि त्या शब्दाला वजन होतं ते रोज्याचं.

सुनिताच्या डोक्यात कायम एक वही उघडी असायची. कुणी किती वाट्या मीठ नेलं, कुणी कुणाच्या मोळीला हात लावला, कुणी पाण्याचा हंडा आपल्याआधी भरून घेतला, सगळं तिच्या ध्यानात. जैतूनच्या नावावर त्या वहीत काहीच येणं नव्हतं. ती मीठ न्यायची आणि दुसऱ्या दिवशी वाटी भरून आणायची, ती पण वाटी घासून. अशा माणसाचं सुनिताला जरा भ्यावच वाटायचं.

रमजान लागला तेव्हा टोळीला नऊ दिवस पुरेल एवढा विषय मिळाला होता. पहिल्याच दिवशी मुकादमानं दस्तगीरला विचारलं होतं, "का रे, थुकी तरी गिळायची असती का तीबी न्हाई?"

"गिळायची की. थुकी गिळल्याबिगर मानूस बोलंल कसं? अन् तुमच्यासंगं तर दिवसभर बोलावं लागतंय."

"मग रातभर खात बसता म्हनं."

"चारला उठून ऊस तोडायचाय, रातभर खाऊ का झोपू?"

भागवतनं विचारलं होतं, "दस्तगीरभाई, बांगेत त्या अकबर बादशाचं नाव कावून घेता? त्याला मरून किती वर्सं झाली."

दस्तगीर हसत हसत खोकला होता. "आरं, अकबर म्हंजे लई मोठा. देव लई मोठा हाय, एवढंच वरडून सांगायचं. बादशाची अन् आमची वळख न्हाई."

"अन् चार बायका?"

"एकच आवरंना मला. तिचा कोयता बघितलास न्हवं?"

संध्याकाळी रोजा सोडताना जैतून टोळीतल्या सगळ्यांना एकेक खजूर वाटायची. पहिल्या दिवशी सुनितानं तो घेतला आणि पदराआड पाखऱ्याला चारला. कारण मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती, की ही लोकं खायच्या वस्तूवर थुंकून मगच दुसऱ्याला देतात. पाखऱ्यानं खजूर बीसकट खाल्ला. सुनितानं दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं नीट लक्ष ठेवलं. तो रवंथ करत होता, शेण नीट टाकत होता, वेगळं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीचाही त्यालाच दिला. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः खाल्ला आणि आधीचे दोन बैलाला दिल्याचं तिला वाईट वाटलं.

आगीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून उजाडायचं होतं तेव्हा, जैतून सुनिताच्या कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या खोपटाच्या, तोंडाशी आली.

"सुनिता, एखादं जुनं सुती हाय का गं? लुगड्याचा तुकडा असला तरी चालंल."

"कशाला गं भाभी?"

"लागतंय जरा."

सुनितानं गाठोड्यातून जुन्या पातळाचा तुकडा फाडून दिला. जैतूनच्या तळहाताला फोड आलेला तिनं पाहिला होता, तो बांधायला असेल. दुसरं काही तिच्या मनातच आलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. तीन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात पोट दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं, पिशवी काढून टाका, कटकट मिटंल. मुकादमही म्हणाला होता, काढून टाका, खाडा पडत न्हाई. टोळीतल्या आणखी दोघींची आधीच काढलेली होती. तेव्हापासून सुनिताच्या महिन्याला दिवस उरले नव्हते. कंबर मात्र उरली होती, आणि ती मोळी उचलताना रोज आपली हजेरी लावायची.

दहाच्या सुमारास ती वाढं आणायला फडाच्या मधल्या सरीत शिरली. पुढं उसाच्या दाटणीत जैतून पाठमोरी बसली होती. एक हात पोटावर दाबलेला. दुसऱ्या हातानं तिनं पाण्याची बाटली वर केली आणि घटाघट प्यायली. मग तोंड पुसलं, पदर डोक्यावर घेतला आणि बाटली पाचटाखाली सारली.

सुनिता तशीच पाऊल न वाजवता मागं फिरली. तिला हसू आलं आणि बरंही वाटलं. त्या कोऱ्या पानावर शेवटी काहीतरी लिहायला मिळालं होतं.

दुपारी ती बैलांना वाढं घालायला मोहनरावांच्या गोठ्यावर गेली. पाखऱ्यानं तिचा हात चाटला. हौश्याच्या नाकात सिदूनं नवी वेसण घातली होती, दुसऱ्याच्या बैलाला आपली वेसण, आणि ती घट्ट होती. सुनिता बोटानं ती सैल करत होती तेवढ्यात मालकीणबाई, वनमाला, तांब्याभर ताक घेऊन बाहेर आल्या.

"पी गं. लई ऊन हाय."

सुनिता उकिडवी बसून ताक प्यायली. मोठ्या घरची बाई शेजारी ओट्यावर बसली, ही गोष्ट रोज घडत नव्हती.

"ती तुमची भाभी पान्याबिगर कशी राहती गं एवढ्या उन्हात? मला तर बाई एकादशीला दोन डाव चहा लागतोय."

ताक थंड होतं. बाईचा आवाज बहिणीसारखा होता. सुनिता हसली आणि म्हणाली, "कशाचं पान्याबिगर! सकाळीच उसाच्या आड बाटली लावली व्हती तोंडाला. मी बघितलं की."

दोघी हसल्या. वनमालाबाईंचं हसू जरा लवकर थांबलं.

सुनिता बांधावरून परत निघाली. आपण काय बोललो ते तिला निम्म्या वाटेत कळलं. पाय जागच्या जागी थांबले. जिच्या रोज्यावर आपले बैल उभे, तिचा रोजा आपणच आडवा केला, आणि तोही बैलांसमोर बसून. मागं जाऊन बाईंचे पाय धरावेत का? पण धरून सांगायचं काय, की मी बोलले ते विसरा? ती उन्हात उभी राहिली, आणि मग काम होतं म्हणून फडात गेली. तिनं त्या दुपारी तीस मोळ्या बांधल्या आणि त्यातल्या चार वाटेतच सुटल्या.

चार वाजता सुंदरराव आले. गोठ्यापुढं लिंबाखाली त्यांना प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. मोहनराव बाजेवर बसले. टोळी खाली मातीत. पुरुष पुढं, बायका मागं. वनमालाबाई दारात, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. गोठ्यात पाखऱ्या शेपटीनं माशा वारत होता.

जैतून उभी राहिली आणि काल सांगितलं तेच तिनं सांगितलं. शब्द कमी झाला नाही, वाढला नाही. आकडा हालला, ठिणग्या पडल्या, बिडी न्हाई का काडी न्हाई.

सुंदररावांनी मान हलवली. "बाई रोज्याची हाय म्हनतेत."

"तेच तर म्हनतो आण्णा," मोहनराव म्हणाले. ते हसत होते. "इचारा तिला. आज रोजा हाय का?"

जैतूननं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"इचारा, इचारा. सकाळी उसात लपून बाटली कुनी लावली तोंडाला? रोजाबी खोटा, साक्षबी खोटी. देवाला फसवनारी बाई मला सोडंल व्हय?"

टोळीत कुजबुज झाली. भागवतचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं मागं वळून बायकोकडं पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. नुसता आधार शोधत होता. सुनितानं मान खाली घातली.

दस्तगीर उठला. "मालक, तिची तब्येत बरी न्हाई आज."

"बरी न्हाई? सकाळपासून मोळ्या वाहती की. अन् आजारी पडलं म्हनून तुमचा रोजा सुटतो व्हय? जीव गेला तरी सुटत न्हाई. मला काय म्हाईत न्हाई का?"

"सुटतो मालक. आजाऱ्याला माफ हाय. वाटंनं चाललेल्याला माफ हाय. म्हाताऱ्याला, लेकुरवाळीला..."

"काढ, आनखी काढ! ऊस तोडनाऱ्याला, बिडी वढनाऱ्याला!" मोहनरावांच्या बाजूची दोघं-तिघं मोठ्यानं हसली. मुकादमही हसला. हसावं लागलं त्याला.

दस्तगीरनं बायकोकडं पाहिलं. त्याला पुढचा शब्द माहीत होता, आणि तो चार पुरुषांत उच्चारण्यापेक्षा त्यानं जीभ तोडून दिली असती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो खाली बसला. जैतून उभीच. तिच्या पायाच्या बोटांत उसाचं पातं अडकलं होतं, तिकडं ती बघत होती. एक हात पुन्हा ओटीपोटावर गेला होता.

सुनितानं तो हात पाहिला.

मग तिच्या डोक्यातली वही आपोआप उलटी चाळली गेली. पोटावरचा हात. पहाटेचा पातळाचा तुकडा. आणि तळहाताचा फोड तर तसाच उघडा होता, त्याला काही बांधलेलं नव्हतं. पहाटे जैतूनच्या कोपीपुढं दस्तगीरची एकट्याची नमाजाची चटई होती, दुसरी गुंडाळून कोपीच्या कुडाला टेकवलेली. रोज दोन असायच्या. सुनिता रोज मोजायची, पण आज मोजून सोडून दिलं होतं. अगं आई गं, ती मनात म्हणाली. असं हाय व्हय.

आपल्याच घरात, देवाला शिवायचं नाही म्हणून सासूनं चार दिवस कोपऱ्यात बसवलेलं तिला आठवलं. तीन वर्षांत ती ते विसरून गेली होती. विसरायला लावलं होतं.

सुंदरराव खुर्चीतून उठायच्या बेतात होते. "मग मोहनराव म्हनतेत त्यात..."

सुनिता उभी राहिली.

"खाली बस," भागवत दबक्या आवाजात म्हणाला.

ती बसली नाही. पुरुषांकडं तिनं बघितलंच नाही. ती दाराकडं तोंड करून म्हणाली, "मालकीनबाई, एक इचारू का? तुमच्या देवघरात दिवा रोज कोन लावतं?"

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. वनमालाबाई गोंधळल्या. "मीच लावते की."

"महिन्याचे तीसबी दिवस?"

लिंबावर कावळा ओरडला. मोहनराव म्हणाले, "हे काय मधीच?" पण सुंदररावांनी हात वर केला. तेही दाराकडंच बघत होते.

वनमालाबाईंना हो म्हणता आलं असतं. एक अक्षर. नवरा बाजेवर बसलेला होता, गंजी त्यांच्या घरची होती, आकडाही त्यांच्याच घरचा होता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. जैतूनकडं पाहिलं. पायात उसाचं पातं अडकलेली, उभी असलेली बाई.

"चार दिवस सासूबाई लावतेत," त्या म्हणाल्या.

"का, ते मी इचारीत न्हाई. हितं कुनी इचारनारबी न्हाई," सुनिता म्हणाली. "पन त्या चार दिवसांत तुमी देवाला फसवलं, असं मालक कधी म्हनले का? त्या चार दिवसांत तुमी काही सांगितलं तर ते खोटं धरतेत का?"

पुरुष जमिनीकडं बघू लागले. एवढा वेळ मुकादम एकटाच माती उकरत होता, आता सगळेच उकरायला लागले.

"ह्या बाईचा काल रोजा व्हता. आज न्हाई. काल बघितलं ते तिनं कालच सांगितलं." ती थांबली. आता उरलेलं. "अन् पानी पिताना मी बघितलं. मीच बोलले. मला अक्कल नव्हती."

मुकादमाच्या तोंडून निसटलं, "म्हंजे त्यांच्यातबी असतंय व्हय हे?"

"मग त्या काय मातीच्या हायत?" सुनिता त्याच्यावर उसळली.

दारात वनमालाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसल्या का रडल्या, ते कळलं नाही.

सुंदरराव उठले. हळूहळू चालत गोठ्याच्या भिंतीपाशी गेले आणि तिथं टेकवलेल्या बांबूवरून त्यांनी वर नजर फिरवली. बांबूचं टोक काळं झालं होतं.

"सिदू, हे कशानं काळं झालं रे?"

"चुलीत घातला व्हता आण्णा."

"एवढा लांब? चूल गेवराईला हाय का तुझी?"

कुणी हसलं नाही, कारण आण्णा हसले नव्हते. त्यांनी तारेकडं पाहिलं, राखेकडं पाहिलं, मग मोहनरावांच्या खांद्यावर हात ठेवला. राजकारणी माणूस. नातलगाला चारचौघांत उघडं पाडणार नव्हता, आणि बैलही ठेवून घेऊ देणार नव्हता.

"वारं लई व्हतं काल," ते म्हणाले. "वाऱ्यानं झालं म्हना. वाऱ्याला काही दाव्याला बांधता येत न्हाई. बैल सोडा त्यांचे."

पाखऱ्या आणि हौश्या सुटून आले. भागवत हौश्याच्या मानेला तोंड लावून बराच वेळ उभा राहिला. टोळीतले सगळे बैलांभोवती जमले, कुणी पाठ थोपटली, कुणी नवी वेसण काढून फेकली. जैतून तेवढ्यात कोयता घेऊन फडाकडं निघून गेली होती.

दिवस मावळताना सुनिता तिच्या कोपीशी गेली. दस्तगीर रोजा सोडायला बसला होता. समोर खजूर, पाणी, कांद्याची भजी. त्यानं सुनिताला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उचलून उगाच बैलांकडं गेला.

जैतून चुलीपुढं होती. तिनं वर पाहिलं नाही.

"भाभी..."

"माझ्या नवऱ्यालाबी मी तोंडानं सांगत न्हाई," जैतून म्हणाली. भाकरी थापत होती, प्रत्येक शब्दाला एक थाप. "पहाटं त्याला वाढते अन् मी खात न्हाई, तेवढ्यावर त्याला कळतंय. अन् तू? एका दिवसात दोन डाव. एक डाव मालकीनीला, एक डाव समद्या गावाला."

"बैल जात व्हते भाभी."

"म्हाईत हाय. म्हनून तर तिथं गप उभी राहिले. न्हाईतर तिथंच तुझी झिपरी धरली असती."

"मला ठावं नव्हतं तुमच्यात सूट असती ते. मला वाटलं, धरला म्हंजे धरला."

"सूट कुठली? नमाज माफ असती, रोजा न्हाई. सुटलेला रोजा मागनं धरावा लागतोय, एकेक मोजून." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "समद्यांचा रमजान संपल्यावर. एकटीनं. वैशाखाच्या उन्हात."

सुनिता उभी राहिली. जैतूननं बस म्हटलं नाही. शेवटी सुनिता परत निघाली तेव्हा मागून हाक आली नाही, खजूरही आला नाही. त्या दिवशी टोळीत तिला एकटीलाच खजूर मिळाला नाही आणि ते तिनं आपल्या वहीत बरोबर म्हणून लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मोहनरावांची मोटार चालू होती. आकडा तारेवर जागच्या जागी लटकत होता. ये-जा करणारे बघत होते आणि पुढं जात होते.

दुपारी टोळी भाकरी सोडायला बसली. जैतून नेहमीसारखी उठली आणि बाभळीकडं निघाली. मग मध्येच थांबली, मागं फिरली, आणि बायकांच्या कडेला येऊन बसली. पाचटातून बाटली काढली. कुणी बघतंय का हे न बघता प्यायली. सगळ्यांनी आपापल्या भाकरीत लक्ष घातलं. पलीकडं दस्तगीर कोरड्या तोंडानं कोयत्याला कानस लावत होता. त्यानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कानस चालवली.

जैतूननं कमरेची दोरी काढली. काळी, करदोट्यासारखी बारीक दोरी. तिला एक गाठ होती. दुसरी गाठ घालायला तिनं दोन्ही टोकं धरली, पण तळहाताचा फोड फुटला होता, दोरी ओढताना बोटं मागं येत होती. दोनदा केलं. दोनदा सैल राहिली.

मग तिनं दोरी सुनिताच्या मांडीवर टाकली.

"बांध. आजचा सुटलेला."

सुनितानं भाकरीचे हात लुगड्याला पुसले. दोरी उचलली. तीन वर्षांत तिनं स्वतःचा एकही दिवस मोजला नव्हता. पहिली गाठ बोटानं चाचपून पाहिली, तिच्याजवळ दुसरी घातली आणि ओढली.

"जोरात वढ," जैतून म्हणाली. "ह्या उन्हाळ्यापतुर टिकायला पायजे. तुझ्या तोंडासारखी सुटायला नको."

सुनितानं दोरीचं एक टोक दातात धरलं आणि सगळा जोर लावून गाठ आवळली.